निरोगी गट

“आता मी पाच शब्द सांगते. नीट ऐका आणि लक्षात ठेवा. थोड्या वेळाने पुन्हा विचारणार आहे. तुम्ही तयार आहात?”

“तुम्ही?” असेन हसला. “बघा मॅडम, घरी अरे-तुरे करते. बापाला मान मिळायला विद्यापीठात यावं लागलं.”

रालित्सालाही हसू आलं. समोर कुणीही बसलेलं असो, त्याला ‘तुम्ही’च म्हणायचं, असा नियम होता. प्लॉवदिव्ह शहरातल्या विद्यापीठात ती मानसशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला होती. उतारवयात स्मरणशक्ती कशी बदलते, यावर काल्चेवा मॅडमच्या हाताखाली तिचं पहिलंवहिलं संशोधन चाललं होतं. स्मृतिभ्रंशाचे रुग्ण इस्पितळातून मिळाले होते, पण तुलनेसाठी त्याच वयाची धडधाकट माणसं कमी पडत होती. “बाबाला घेऊन जा की,” आई म्हणाली होती. असेनने जन्मभर रेल्वेचं इंजिन चालवलं होतं. आज तो दाढी करून, ठेवणीतला कोट घालून आला होता.

“होडी. जर्दाळू. मखमल. पूल. सुई.”

त्याने पाचही शब्द धडाधड म्हणून दाखवले आणि मॅडमकडे बघून डोळे मिचकावले.

मग महिने उलटे म्हणायचे होते. डिसेंबर, नोव्हेंबर, ऑक्टोबर इथपर्यंत तो झपाट्याने आला आणि थांबला. “त्याच्या आधी काय, उन्हाळाच की,” म्हणाला. नंतर त्याने खोक्याचं चित्र काढलं. त्याच्या कडा कुठेच जुळेनात. बाबा मस्करी करतोय, असं रालित्साला वाटलं. त्याची सवयच होती ती.

“आता मघाचे शब्द सांगा.”

“कुठले शब्द?”

तो आता हसेल म्हणून ती थांबली. तोही तिच्या तोंडाकडे बघत थांबला होता.

“मी तुम्हाला पाच शब्द सांगितले होते.”

“मला?” त्याने मॅडमकडे पाहिलं, मग रालित्साकडे. मग तो टेबलावर वाकला आणि वर्गातल्या पोरासारखा हळूच म्हणाला, “पहिलं अक्षर सांग ना. एकच.”

रालित्साने मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी दिसेल न दिसेल अशी नकारार्थी मान हलवली. अक्षर सांगायचं नाही, हावभाव बदलायचा नाही. हे सगळं तिला पाठ होतं. इस्पितळात परक्या माणसांसमोर ते कधी जड गेलं नव्हतं.

“आठवतील तेवढे सांगा,” ती म्हणाली. आवाज अगदी शिकवल्यासारखाच निघाला.

असेनने छताकडे पाहिलं. हातांकडे पाहिलं. कपाळावर घाम आला होता.

“रेल्वे,” तो म्हणाला. “रेल्वे होतं ना?”

“ठीक आहे,” रालित्सा म्हणाली. चुकीच्या उत्तरालाही एवढंच म्हणायची परवानगी होती.

त्याचा चेहरा उजळला. “बघ! अजून एवढं काही गेलं नाही डोकं.” मग त्याला काहीतरी वाटलं. “माझ्यामुळे तुझे मार्क नाही ना कापणार? हवं तर उद्या परत येतो. पाठ करून येतो.”

“छान झालं सगळं,” मॅडम म्हणाल्या. “बाहेर प्रदर्शनात मुलांनी आपापली कामं मांडलीत. जरा बघून या.”

तो गेला. दार लागल्यावर रालित्सा म्हणाली, “घाबरला असेल तो. मॅडम, पुन्हा घेऊ या का? दुसरे शब्द घेऊन?”

“दुसरे शब्द घेऊन काय होणार?” मॅडम हळू आवाजात म्हणाल्या. “आपण डॉक्टर नाही, रालित्सा. सोमवारी मी मेंदूच्या डॉक्टरांशी बोलते. तोवर त्यांना काही सांगू नकोस.”

“मग आता मी घरी जाऊन काय बोलू?”

वर्षभर मॅडमनी तिच्या प्रत्येक शंकेला एखादं पुस्तक काढून दिलं होतं. आता त्यांनी फक्त तिच्या पाठीवर हात ठेवला.

बाहेर येऊन तिने आईला फोन लावला. पलीकडे रेडिओ वाजत होता. तो बंद झाला.

“आई, बाबाला...”

“तुलाही दिसलं?” आईने विचारलं.

रालित्साने फोन कानाशी आणखी दाबला.

“मला वाटायचं, मलाच मेलीला तसं वाटतंय,” आई म्हणाली. “म्हणून पाठवलं गं. वाटलं, तू येऊन सांगशील, काही नाही म्हणून.”

लांब व्हरांड्यात मुलं आपापल्या तक्त्यांपाशी उभी होती. रसायनशास्त्राच्या पोरांनी गुलाबाच्या अत्तराच्या बाटल्या मांडल्या होत्या, इतिहासवाल्यांनी तंबाखूच्या जुन्या वखारींचे फोटो लावले होते. असेन हात मागे बांधून शेवटच्या तक्त्यापुढे उभा होता. जीवशास्त्राच्या नेवेनाने उन्हाळाभर करकोच्यांच्या पिल्लांच्या पायात ओळखण्यासाठी नंबरची कडी अडकवली होती; त्याचाच हा तक्ता.

“मग थंडीत हे जातात कुठे?” तो विचारत होता.

नेवेनाने नकाशात प्लॉवदिव्हवर बोट ठेवलं. बॉस्फरसच्या सामुद्रधुनीवरून खाली, तुर्कस्तान ओलांडून, नाईलच्या काठाकाठाने ते थेट आफ्रिकेच्या पोटात गेलं.

“बापरे! एवढ्याशा जिवाने?” असेन हरखून गेला. वाकून त्याने पिल्लाचा फोटो जवळून पाहिला. मग सरळ उभा राहिला.

“मग थंडीत हे जातात कुठे?”

नेवेना हसायला गेली. त्याच्या खांद्यावरून तिला रालित्सा दिसली, फोन कानाला तसाच धरून उभी असलेली. नेवेनाने बोट उचललं आणि परत प्लॉवदिव्हवर आणून ठेवलं.

“आधी समुद्राच्या बाजूला जातात, काका,” ती म्हणाली. “बॉस्फरसपर्यंत.”

“बापरे!” असेन म्हणाला.