देवीच्या डोक्यावरचा विंचू

शवपेटीच्या तीन कोपऱ्यांत तीन देवी रंगवून झाल्या होत्या. चौथीच्या हातात चित्रकार नेबरेनं श्वासाची खूण असलेला अंख दिला, मेलेल्याच्या नाकाशी धरतात तसा धरायला लावला आणि कुंचला खाली ठेवला. तिच्या डोक्यावरची जागा कोरीच राहिली.

पेटी अडीच हात लांब होती.

"ही कोण रे?" पेटी घडवणाऱ्या काहा सुतारानं विचारलं. "आपल्या देवींचा चेहरा एकच. डोक्यावर सिंहासन दिसलं तर इसिस, ढाल-बाण दिसले तर नीथ. हिच्या डोक्यावर काहीच नाही. ही माझी सासूसुद्धा असू शकते."

कुणी हसलं नाही. काहासुद्धा नाही.

चौथी सेरकेत, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मेलेल्याच्या घशात श्वास परत घालणारी. तिच्या डोक्यावर विंचू बसतो, पण नांगी नसलेला. थडग्यात काढलेलं सगळं तिथं जिवंत होऊन उठतं, म्हणून आमच्या गावच्या चित्रकारांनी नांगी कधी रंगवलीच नाही. त्यात नेबरेचा हात असा, की त्यानं रंगवलेले मासे चाटून चाटून गावातल्या मांजरांच्या जिभा निळ्या झाल्या होत्या. खोटं वाटत असेल तर मांजरांना विचारा.

त्याची पाच वर्षांची तामित याच चित्रांत वाढली. महिन्यापूर्वी एका सकाळी ती अंगणातून ओंजळ सांभाळत आली होती.

"बाबा, देवीच्या डोक्यावरचा खाली उतरलाय! आणि बघ ना, याला शेपूट फुटलंय!"

नेबरे धावला होता. पण ओंजळ त्याच्या आधी उघडली.

"विंचू काढ," दारातून हुनेरो म्हणाली. तामितची आई. "ऊन डोंगराला टेकायच्या आत पेटी वर थडग्यात न्यायचीय."

"नांगी नसलेला विंचू मी आता काढणार नाही. खोटं आहे ते. मीच शिकवलं तिला ते खोटं."

"मग नांगीसकट काढ. तिथंही चावू दे तिला."

नेबरेनं काळ्या रंगाची वाटी दूर सारली.

"आणि काहीच काढलं नाहीस तर तिला श्वास कोण देणार? काहाची सासू?"

त्यानं कुंचला उचलला. दोन चिमटे, आठ पाय, आणि मागे काही नाही. हात जरासुद्धा थरथरला नाही. तेच त्याला सोसवलं नाही.

ऊन डोंगराला टेकायच्या आत पेटी वर गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी हुनेरो पाण्याचा घडा घेऊन आली, तर दाराशेजारच्या भिंतीवर, खांद्याच्या उंचीला, हा एवढा काळा विंचू. नांगी वर उचललेली. तिनं घडा ठेवला, पायातली चप्पल काढली आणि सगळ्या जोरानिशी हाणली.

विंचू पडला नाही. चपलेच्या तळाला काळा रंग लागला. ओला.

दारामागून नेबरे बाहेर आला. बोटं काळी, डोळे लाल.

"शेजारची पोरं येता-जाता बघतील," तो म्हणाला. "खरा कसा असतो ते."

हुनेरो भिंतीकडे बघत राहिली. चपलेनं नेमकी नांगीच पुसली गेली होती. तिनं त्याच्या हातातल्या रंगाच्या वाटीत बोट बुडवलं आणि आयुष्यात पहिल्यांदा चित्र काढलं. जाड, वाकडी, पण टोकाला अणकुचीदार नांगी.

मग भिंतीवर आपल्या कमरेएवढ्या उंचीवर हात ठेवून ती म्हणाली, "एक इथंही काढ. तो फार उंचावर आहे. तामितला दिसत नाही."