परक्याची गाडी

जिलॉंगच्या कारखान्यात लायलने सव्वीस वर्षं गाड्यांची इंजिनं जुळवली. शेवटचा बोल्ट आवळला की त्यावर तो रंगाच्या दोन हिरव्या रेघा ओढायचा. तीच त्याची सही. पुढे इंजिनं पेट्यांत भरून कुठे जातात, हे त्याने कधी विचारलं नाही.

मुलगा, ब्रेट, दुसऱ्याच कंपनीची नवी गाडी घेऊन दारात आला, तेव्हा लायल पायरीवरूनच कडाडला, "ज्या कारखान्याच्या पगारावर वाढलास, त्याच्याच वैऱ्याची गाडी घेतलीस? हे धूड माझ्या अंगणात नको!"

"बाबा, नंतर खुशाल चिडा. आधी बॉनेट उघडून बघा तरी," ब्रेट हसत म्हणाला.

"परक्याच्या इंजिनाचं तोंडही बघणार नाही मी!" लायलने दार आपटलं. ब्रेट पुन्हा कधी त्या घरी आला नाही.

नऊ वर्षांनी, ब्रेटच्या दफनानंतर, सून जॉडी त्याच गाडीतून लायलला घरी सोडायला आली. अंगणातच गाडी बंद पडली. नाइलाजाने लायलने बॉनेट उघडलं.


सगळं इंजिन तेलाने काळं पडलं होतं. शेवटच्या बोल्टावरच्या दोन हिरव्या रेघा तेवढ्या ब्रेटने पुसून लख्ख ठेवल्या होत्या.