खाजेची गोळी

"पाणी जास्त पितो ना, मग पाणी कमी ठेवायचं. एवढं साधं आहे," डॉक्टर म्हणाले.

डॉक्टर म्हणजे खरे डॉक्टर नव्हेत. औषधांच्या दुकानात बावीस वर्षं काउंटरमागे उभे, म्हणून गल्लीनं गमतीनं पाडलेलं नाव. गल्ली ती गंमत हळूहळू विसरली. ते पहिल्याच दिवशी विसरले होते. खरी डॉक्टर टेबलापलीकडे उभी होती, प्राण्यांची. आणि दवाखान्यात शिरल्यापासून हे गृहस्थ तिला असं काही समजावत होते, की जणू तीच खोकल्याचं औषध मागायला त्यांच्या दुकानात आली होती.

बायको कुत्र्याला धरून उभी होती. हा सूर तिच्या चांगला ओळखीचा होता. पूर्वी तिला त्याची चीड यायची. आता नुसती किळस यायची.

ढब्या टेबलावर धापा टाकत होता. नाव ठेवलं तेव्हा त्याच्या बरगड्या मोजता येत होत्या. आता पोट लोंबत होतं, दोन्ही कुशींवरचे केस झडून काळपट कातडी उघडी पडली होती. दिवसभर पाणी प्यायचा आणि घरभर मुतायचा. डॉक्टरांचं निदान कधीच झालं होतं: बायको लाडानं कोंबते. शेजाऱ्यांनाही ते हेच सांगत. वर, "हीच बघा ना, कशी सुटलीये," म्हणून स्वतःच हसत.

डॉक्टरीणबाईंनी ढब्याची कातडी चिमटीत धरून सोडली.

"हे खाण्यामुळे नाही. हार्मोनचा आजार असू शकतो. पण तपासण्या करण्याआधी एक विचारते. याला काही गोळ्या चालू आहेत? खाजेच्या वगैरे? स्टेरॉइड पोटात जात राहिलं तरी हुबेहूब असंच दिसतं. कातडी पातळ होते, पोट सुटतं."

"छे! मी घरात असताना?"

"नीट आठवून सांगा. चालू असेल आणि एकदम थांबवली, तर कुत्रा दगावू शकतो. हळूहळूच कमी करावी लागते."

"सांगितलं ना, नाही म्हणून."

त्या सुई आणायला आत गेल्या. दार लागतं न लागतं तोच डॉक्टर बायकोच्या कानाशी वाकले.

"उद्यापासून त्याची गोळी बंद. विषय संपला."

"त्या आत्ता काय म्हणाल्या, ऐकलंत ना?"

"गुरांच्या डॉक्टरणीकडून मला शिकायचं नाहीये. आणि तू मध्ये बोलू नकोस. मला गल्लीत तोंड दाखवायचंय."

म्हणजे कुत्रा गेला तरी चालेल, यांचं तोंड राहिलं पाहिजे. तिनं त्या तोंडाकडे एकदा नीट पाहून घेतलं. गेलं वर्षभर रोज सकाळी पावाच्या तुकड्यात लपवून ती गोळी तिनंच ढब्याला भरवली होती. खाजेची साधी गोळी आहे, असं हेच तोंड म्हणालं होतं. आणि तोही गाढवासारखा शेपूट हलवत खायचा.

ढब्यानं हनुवटी तिच्या मनगटावर टेकवली. तिथे निळा डाग होता. हल्ली जरा कुठे हात लागला की असे डाग उमटायचे. तिनं तो डाग पाहिला, मग त्याच्या कुशीवरची कातडी पाहिली, मग पुन्हा डाग.

डॉक्टरीणबाई परत आल्या तेव्हा तिनं पर्स उघडून टेबलावर स्ट्रिपचा एक तुकडा ठेवला होता.

"ही देते मी त्याला. रोज एक, वर्षभर."

डॉक्टर घसा साफ करू लागले. स्ट्रिपचा तुकडाच होता, कारण त्यांचा दुकानातला हातच तसा होता. गिऱ्हाइकाला अख्खी स्ट्रिप कधी द्यायची नाही. कात्रीनं कापून चार-चार गोळ्या द्यायच्या. नाव अर्धं राहतं, आणि गिऱ्हाईक दुसरीकडे न जाता मुकाट्यानं परत येतं. घरातही त्यांची तीच तऱ्हा होती.

डॉक्टरीणबाईंनी तुकडा उलटून पाहिला. "यावर नाव पूर्ण नाहीये."

तिनं पर्सच्या आतल्या कप्प्यातून दुसरा तुकडा काढला. डॉक्टरीणबाईंनी दोन्ही शेजारी ठेवून सरकवले. कात्रीची तिरकी कड बरोबर जुळली आणि नाव सबंध वाचता आलं.

"स्टेरॉइडच आहे. बरं झालं बोललात. हा दुसरा तुकडाही त्याचाच का?"

"नाही. तो माझा. गुडघ्यांसाठी देतात मला. मलाही वर्ष झालं."

डॉक्टरीणबाईंनी पहिल्यांदाच मान वर करून तिचा चेहरा नीट पाहिला. गोल झालेले गाल पाहिले, मग मनगट.  

"अगं, तुझी वेगळी आहे, तुझी तर..." डॉक्टर म्हणाले आणि थांबले. जुळलेलं नाव टेबलावरच पडलं होतं. ते उचलायला त्यांनी हात पुढे केला. तिनं त्यावर तळवा ठेवला आणि त्यांच्याकडे न बघताच डॉक्टरीणबाईंना म्हणाली,

"याची कशी कमी करायची ते लिहून द्या. आणि माझ्यासाठी माणसांचा एखादा डॉक्टर सांगा. आमच्या घरात नाहीये."