गाभ्यातले छिद्र

ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातली, म्हणजे कर्नलमधली, चारशे ओळींची परवानगी-तपासणी निवेदिताने सहा आठवडे खपून तीस ओळींवर आणली. वाटेत सापडलेले, कोणाही परक्याला थेट आत घेणारे छिद्रही तिने बुजवले. “स्वीट ॲज!” अशी तिथल्या बोलीतली ‘झकास’ची दाद देत अल्बनीच्या ऑफिसातला तिचा वरिष्ठ मकरंद रीतसर आनंदला आणि तिसऱ्या दिवशी काम परत घेऊन आला.

“तेवढं होल पुन्हा उघड, बाई. कस्टमर पासवर्ड विसरला की आपली सपोर्टची मंडळी तिथूनच आत जातात.”

“म्हणजे तुला ठाऊक होतं?”

“अगं, नऊ वर्षं मॅन्युअलमध्ये आहे. पान चार.”

“निदान ते मॅन्युअल तरी ऑफिसबाहेर जात नाही ना?”

“छे गं, वेबसाइटवर आहे. लोकांनी दरवेळी आपल्याला फोन करून ताटकळायला नको!”