शेवाळावरची चाकोरी

वळशाचा रस्ता सोडून थिजलेल्या लाव्ह्यावरचं जाड शेवाळ तुडवत निघालेल्या मोटारसायकलीपुढे हाल्बेराने ट्रॅक्टर आडवा घातला.

"मागे फिर. इथे उमटलेलं चाक पन्नास वर्षं बुजत नाही. आणि पुढची नदी सकाळी ओलांडायची असते. दुपारी वरचा बर्फ वितळून पाणी चढतं."

रेक्याविकहून आलेल्या ऑरीने हेल्मेटही काढलं नाही. "डोंगर काय तुमच्या बापाचा आहे?" मग शेजारी त्याला शेवाळात रुतलेली एक जुनी चाकोरी दिसली, सरळ नदीत उतरलेली. "ही कुणाची?"

"माझ्या भावाची. सत्तावीस वर्षं झाली."

"वा. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. त्याला नाही अडवलंत?"

"नाही अडवलं," हाल्बेरा म्हणाली. "तोही असाच भर दुपारी निघाला होता."

तिने ट्रॅक्टर मागे घेऊन त्याला वाट मोकळी करून दिली.

"पलीकडच्या काठावरही असंच शेवाळ आहे. तिथे त्याची चाकोरी दिसते का ते इथूनच बघ, आणि मग खुशाल जा."