फ्रिजमधली पेनं

साठी उलटल्यावर शरयूताई आणि मोरेश्वर यांनी दुसरं लग्न केलं आणि थेट क्रूझवर निघाले. केबिनमध्ये सामान ठेवून मोरेश्वर समुद्र बघायला डेकवर गेले. तेवढ्यात शरयूताईंनी छोट्या फ्रिजमधले थंड पेयांचे कॅन पुढे ओढले आणि त्यांच्यामागे आपली इन्सुलिनची पेनं लपवली.

मधुमेहाचं त्यांनी सांगितलंच नव्हतं. मोरेश्वरांच्या पहिल्या बायकोची कितीतरी वर्षं आजारपणात गेली होती. पुन्हा औषधं म्हटल्यावर माणूस मागे फिरला असता तर?

दुसऱ्या दिवशी सकाळी मोरेश्वर कॅन काढायला वाकले आणि पेनं हातात घेऊनच वळले.

"सांगणार होते हो," शरयूताई पुटपुटल्या. "पण तुम्ही लग्नाला नाही म्हणाल अशी भीती वाटली."

मोरेश्वरांनी फ्रिजमध्ये हात घालून पाहिला. "हा नावालाच गार आहे. औषध खराब होईल." त्यांनी लगेच फोन उचलला. "माझ्या बायकोच्या इन्सुलिनसाठी चांगला फ्रिज पाठवा."

फोन ठेवल्यावर शरयूताईंनी हळूच विचारलं, "रागावलात?"

"मग काय! काल मी आग्रह करकरून गुलाबजाम वाढले आणि तू मुकाट खाल्लेस. अगं, मला 'नको' म्हणायला शीक आधी."

"मग तुमचं ते घोरणं नको," शरयूताई पटकन म्हणाल्या.

मोरेश्वर एवढ्या मोठ्याने हसले की शेजारच्या केबिनमधून कुणीतरी भिंतीवर थाप मारली.