भुशाचं रेडकू

"कुलूप तुमी लावलं. रेडकू तुमी मारलं."

छबुबाई फोनात ओरडत होती. पलीकडे जनावरांच्या दवाखान्याचा डॉक्टर होता. तीन दिवस रेडकू हगवणीनं लोळत होतं आणि तीन दिवस दवाखान्याला कुलूप होतं. लॉकडाऊन आहे, वरून आदेश आहे, एवढंच डॉक्टर सांगत राहिला. आदेश काढणाऱ्यांच्या दारात म्हैस बांधलेली नसते. फोन कट झाला.

"आता वरडून काय हुनार?" नवरा राधाकिशन म्हणाला. त्यानं तिच्या हातातून फोन काढून घेतला आणि बंडीच्या खिशात ठेवला.

रेडकू परवा संध्याकाळी गेलं. तेव्हापासून म्हशीनं पान्हा चोरला होता. छबुबाईशिवाय ती कुणाला कासेला हात लावू द्यायची नाही. आता तिलाही लाथा घालत होती. चौसाळ्याचा बाजार बंद. टमाटे वावरातच सडले. घर चालत होतं ते ह्या एका म्हशीच्या दुधावर. दूध संस्थेच्या चेअरमननं बजावून ठेवलं होतं, सलग दोन दिवस दूध आलं नाही की नाव कमी. काल गेलं नव्हतं. आज आठला गाडी यायची होती.

एकोणीसच्या दुष्काळात हीच म्हैस बिभीषणनं वाचवली होती. बिभीषण त्यांचा एकुलता लेक. पाच महिने तो चारा छावणीत तिच्या दाव्यापाशी झोपला. आता दुसऱ्या लाटेत तोच तालुक्याच्या कोविड सेंटरात होता. अठरा दिवस झाले. आत कुणाला सोडत नव्हते. आईला तर गेटच्या अलीकडूनच हाकललं होतं.

रोज धारेच्या वेळी राधाकिशन फोन घेऊन यायचा. "बिभीषणचा निरोप आलाय बघ." फोनातून लेकाचा रेकॉर्ड केलेला आवाज यायचा आणि छबुबाईचे हात चालायला लागायचे. मला त्याच्याशी बोलायचंय म्हटलं की राधाकिशन म्हणायचा, "त्याला दम लागतोय. डॉक्टर बोलू देत न्हाईत." मग तो भिंतीआड जाऊन उभा राहायचा. बराच वेळ.

कातड्याचं काम करणारा धोंडीराम आला तेव्हा सात वाजून गेले होते. तोंडाचं फडकं हनुवटीखाली लोंबत होतं, खांद्यावर रेडकू होतं. त्याच रेडकाचं कातडं, आत भुसा, पायांच्या जागी चार काठ्या. वरून त्यानं मीठ चोळलं होतं. आसपासच्या चार गावांत हे काम त्याच्याइतकं कुणाला जमायचं नाही.

"वैनी, बसा धारेला. पर सा फुटावरून काढा बरं का, सरकारचा हुकूम हाय."

कुणी हसलं नाही.

त्यानं रेडकू म्हशीच्या तोंडापुढं उभं केलं. म्हशीनं हुंगलं. थांबली. परत हुंगलं. मग तिनं जीभ काढली आणि त्या मिठाच्या कातड्यावरून फिरवायला लागली. पाठीवरून, मानेवरून, कानामागून. छबुबाईनं कासेला हात लावला. लाथ बसली नाही. आचळं तटतटून आली आणि बादलीत धार वाजली.

"एवढं कसं कळंना हिला?" छबुबाई म्हणाली. "डोळं न्हाईत त्याला. हुंकार न्हाई. भुसा हाय नुसता."

"आईला वास लागतो, वैनी. तेवढा मिळाला की बाकीचं ती आपल्या मनानं भरती."

"कुठवर चालायचं हे?"

"आठ-पंधरा दिस. तवर तिला तशीच दूध द्यायची सवय लागती. आधी कळू दिलं तर आटती. म्हैस आटली की घर आटतं. ह्यात पाप न्हाई." बोलताना त्यानं तिच्याकडं पाहिलं नाही. राधाकिशनकडं पाहिलं.

राधाकिशन पुढं आला. त्यानं नेहमीसारखा फोन धरला.

"आई, मी बरा हाय. जेवलो. तू धार चुकवू नको."

मागून कालचाच खोकला. कुठंतरी लोखंडी खाट सरकल्याचा आवाज. आवाजासरशी म्हशीनं मान वर केली, कान हलवले, इकडंतिकडं पाहिलं. मग पुन्हा ती भुसा चाटायला लागली.

छबुबाईचे हात थांबले.

ती म्हशीच्या जिभेकडं बघत राहिली. जीभ जात होती, येत होती. तिनं बादली बाजूला सारली आणि गुडघ्यावर हात देऊन उठली. रस्त्यावर संस्थेच्या गाडीचा हॉर्न वाजला.

"अगं, गाडी आली," राधाकिशन म्हणाला. "आधी धार पुरी कर."

धोंडीराम खाली बघून हाताला चिकटलेला भुसा काढत होता. एक-एक काडी.

हॉर्न पुन्हा वाजला. राधाकिशननं फोन घाईनं बंडीच्या खिशात सारला.

"जाऊ द्या गाडी," छबुबाई म्हणाली. "माझा बिभीषण कवा मेला, ते सांगा."